उतारी

चौथा गडी हवा होता म्हणून मला बोलावलं.
गुरांचा बदली डॉक्टर, सहा महिन्यांच्या करारावर,
शेटलंडच्या त्या बेटावर
जिथे डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
हॉलमध्ये पीटची शेगडी, ओल्या लोकरीचा वास,
आणि व्हिस्टची चार टेबलं.

माझी भिडू थॉमसीना इंकस्टर, वय एक्याऐंशी.
पत्ते धरायची ते जाळं सांधायला घेतल्यासारखे,
अंगठ्याने एकेक गाठ चाचपत.
समोर पोस्टातली विल्मा, आणि मॅग्नस इस्बिस्टर,
जो पत्ते वाटताना सोडून वर बघत नसे.

"नियम एकच," थॉमसीना म्हणाली, "फॉलो सूट.
बदाम आला की बदाम.
हातात नसेल तरच दुसरं काही."

मला हसू आलं. आमच्यात सूट म्हणजे मोकळीक,
सवलत, माफी.
नेमकी तीच इथे नव्हती.
मी सांगितलं तर म्हणाली,
"मग तुमची भाषा पत्ते खेळत नसणार."

खेळते की, म्हटलं. मेंढीकोट.
दिवसभर मेंढ्यांचे खूर तपासून आलेल्या माणसाला
हे नाव इंग्रजीत समजावता येईना,
तेव्हा मी चौकटची सत्ती टाकली.

चहाच्या किटलीखाली वर्तमानपत्र होतं, गोल डाग पडलेलं.
एम. इस्बिस्टर यांनी भरपाई घेऊन बोट मोडीत दिली.
बाकीच्या अकरा जणांनी त्यांचीच री ओढली.
इंग्रजीत तेच दोन शब्द: फॉलो, सूट.

थॉमसीनाने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं.
"उतारी कोणाची ते लिहिलं नाही," ती म्हणाली,
कुणाला उद्देशून नाही.
"पहिलं पान मॅग्नसचं नव्हतं.
पहिलं हेरिंगचं, यायचं बंद झालं तेव्हा.
मग बँकेचं. मग कोटा आखणाऱ्यांचं.
मॅग्नसने फक्त हातात होतं ते टाकलं."

मॅग्नसने पत्ते पिसले. गरजेपेक्षा जास्त वेळ.

इंकस्टरांची बोट त्या अकरांतली सातवी.
कागदावर मुलाची सही, खाली हिची.
तिची केबिन आता हिच्या परसात, कोंबड्यांचं खुराडं;
गोल काचेतून एक लाल तुरा बाहेर बघतो.
मी रोज तिथूनच गाडी काढायचो.

शेवटचा डाव. हुकूम चौकट.
मॅग्नसची उतारी: किलवरचा राजा.
मी तिर्री दिली, विल्माने नव्वी.
थॉमसीना थांबली.
शेगडीत पीट ढासळलं.
मग तिने चौकटची दुर्री ठेवली,
अलगद, किनाऱ्याला होडी लावावी तशी,
आणि राजा कापून हात आपल्याकडे ओढला.

तीन हातांनंतर तिचं उरलेलं पान टेबलावर आलं.
किलवरची पंजी.

होतं तिच्याकडे. होतं, आणि टाकलं नव्हतं.
साठ वर्षांच्या खेळात कुणी तिला असं करताना
पाहिलं नसेल.
मॅग्नसला तीन हात मागायचा हक्क होता.
त्याने पंजीकडे पाहिलं.
मग पहिल्यांदा तिच्याकडे.

"वारा उत्तरेला फिरतोय," तो म्हणाला,
आणि गुण लिहिले, तिच्या बाजूने.

विल्मा काही बोलली नाही.
मग मीही.