मागची पानं

बिशप होते ते. पुण्याला मोठा बंगला होता म्हणे.
आमच्या वाडीवर यायचे तेव्हा जीप मेढ्यातच ठेवून,
झगा गुडघ्यापर्यंत खोचून, वेण्णा उतरून.
आजी त्यांना बिसप म्हणायची.
बिसप, बस. बिसप, तुला घूस चालते का?
ते म्हणाले, आम्ही वसईचे, सुकटीवर वाढलेले,
आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
(रात्री बांधाआड ओकले. आजीनं पाहिलं
आणि मला सोडून कुणाला सांगितलं नाही.)

एकदा काकानं विचारलं,
तुमचा देव कोळशाच्या भट्टीवर येतो का?
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, उचल किती घेतलीय?

काळ्या पुठ्ठ्याचं एक बाड असायचं त्यांच्याजवळ.
पुढून बाप्तिस्मे, बारीक तिरप्या अक्षरात.
मागून, वही उलटी करून, आम्ही.
पाणी नाही, क्रूस नाही,
नुसती जन्मल्याची नोंद.
तारीख कुणाला ठाऊक?
खैर तोडायला बंदी आली त्या साली.
कण्हेरचं पाणी चढलं त्याच्या आदल्या होळीला.
ते बोटांवर साल काढत, लिहीत,
कंदिलावर पाखरं.

कचेरीत कारकून म्हणाला, याला शिक्का कुठाय?
बिसपनं काकाकडून पळसावरची लाख घेतली,
काडीनं वितळवली
आणि बोटातली अंगठी एकेका नावाशेजारी दाबली.
कारकून हसला. चालणार नाही म्हणाला.
तीन पावसाळे चालणार नाही म्हणाला.
तिन्ही पावसाळे ते त्याच बाकावर,
छत्री गुडघ्यांत धरून, आमच्यात दाटीवाटीनं.
चौथ्या साली कारकून बदलला.

माझं नाव सोनकी. भादव्यात पठारावर पिवळं पसरतं, ते.
पण माझी नोंद केली त्या रात्री त्यांना ताप होता,
आईची बोली हातात उतरली, 'स'चा 'ह' झाला.
होनकी धाकू निकम.
दाखल्यावर तेच, रेशनवर तेच,
नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर तेच.
दवाखान्यातल्या पोरी म्हणतात,
सिस्टर, दुरुस्त करून घ्या, साधा अर्ज असतो.
अर्ज आणलाय. ड्रॉवरमध्ये आहे.

ते गेले तेव्हा पुण्याला गेले होते.
दारात एक तरुण फादर, हातात यादी.
कुठल्या पॅरिशच्या?
मी मेढा म्हटलं, नाव सांगितलं.
त्यांनी बोट फिरवलं वरून खाली,
पुन्हा वरून खाली.
कागद उलटून बघा, असं
अगदी ओठावर आलं होतं.