जाहीर करण्यासारखं काही

पहाटेचे पावणेपाच, बाहेर उणे एकतीस.
विनिपेगच्या विमानतळाचं दार सरकलं की
आधी थंडी आत येते, मग माणूस.
त्या दिवशी थंडीमागून ओरिसिया पावलुक आल्या,
वय एक्याऐंशी, पायांत मुलाचे जुने बूट,
आणि काउंटरवर पासपोर्टाच्या जागी
त्यांनी एक कार्ड ठेवलं,
वाचनालयाच्या कार्डाएवढंच, तसंच कोपऱ्यात झिजलेलं.

ब्रेडन नवा. म्हणाला,
आजी, हे गाडीनं सीमा ओलांडणाऱ्यांचं,
विमानाला पासपोर्ट लागतो.
त्या म्हणाल्या, तुला मिसरूड नव्हतं तेव्हापासून
मी यावर उडते आहे.
तो माझ्याकडे वळला.
मी नियम पाढ्यासारखा म्हणून दाखवला:
या दोन देशांमधल्या विमानाला चालतं,
तिसऱ्याला नाही.
विश्वासू प्रवासी म्हणतात यांना.
बोटांचे ठसे दिलेत, मुलाखत दिली आहे,
बुबुळांचा नकाशासुद्धा सरकारदरबारी जमा.
रांग वेगळी. प्रश्न कमी.

माझ्याकडे पासपोर्ट आहे, इलोइलोहून आणलेला.
व्हिसासाठी दोनदा नेला, दोनदा तसाच परत आणला.
माझी बहीण मिनियापोलिसला असते, विमानानं दीड तास.
त्या दीड तासाचे बोर्डिंग पास
मी रोज छापते.

बॅगेत काय, मी विचारलं. विचारावंच लागतं.
अमेरिका इथंच सुरू होते,
कॉफीच्या दुकानापलीकडे, काचेच्या दारामागे.
विमानात पाय ठेवण्याआधीच माणूस तिकडचा होतो.

त्यांनी काकडीच्या लोणच्याची बरणी काढली.
आत काळी माती.
डॉफिनजवळच्या शेतातली, म्हणाल्या,
जमीन गोठायच्या आत, सप्टेंबरातच भरून ठेवली.
नेस्टर धाकटा माझा. सत्तर साली पलीकडे गेला,
बायकोच्या गावी टायर विकले जन्मभर.
मूठभर आपलीच टाका म्हणायचा.
आज दोन वाजता पुरायचंय त्याला.

मी आवाज खाली आणला.
मातीचं नाव घेतलंत तर बहुतेक काढून घेतील.
नाही घेतलंत आणि सापडली, तर कार्ड जाईल.
एकाचं संत्र्यापायी गेलेलं मी पाहिलंय,
कोटाच्या खिशात विसरलेलं, नाश्त्याचं.
त्यांचा विश्वास तसाच असतो:
वर्षानुवर्षं साठवायचा
आणि एका सालीवरून घसरायचा.

रेड रिव्हर पाहिलीस ना, त्या म्हणाल्या,
ती तिकडून इकडे वाहते.
पूर आला की त्यांचा गाळ आमच्या तळघरात.
सत्त्याण्णव साली तर कमरेएवढा.
त्याला कुणी कार्ड विचारलं?

मागे रांग खोकायला लागली.
ब्रेडन उगाच प्रिंटरचा कागद नीट करत राहिला.
ओरिसियाबाईंनी हातमोजा काढला,
झाकण फिरवलं,
आणि पीठ भिजलंय का बघावं तशी
पाची बोटं आत घातली, पेरं बुडेपर्यंत.
बराच वेळ.
मग हात झटकला, बरणी माझ्याकडे सरकवली.

आणि हे? नखं पुढे धरून त्यांनी विचारलं.
हे जाहीर करायचं का?

मी एकोणीस वर्षं इथं आहे.
किती किलो, किती मिलिलिटर,
कुणाचं कुंकू, कुणाच्या आईच्या अस्थी,
सगळ्याला माझ्याकडे उत्तर असतं.
म्हणाले, नखांबद्दल नियमात काही नाही.

त्या हातमोजा न घालताच गेल्या.

परतीचं विमान नऊ तारखेला होतं.
उतरणारे दुसऱ्या दारानं जातात,
मला दिसत नाहीत.
बरणी माझ्या लॉकरमध्ये आहे, पासपोर्टाला टेकून.
झाकणावर त्यांच्या अक्षरात अजून
काकडी असंच लिहिलंय.