नळीखालचे अकरा

मारेगावला कॉलेजात वीज टिकते दुपारी दोन ते साडेतीन.
तेवढ्यात उरकावं लागतं माझं मारणं.

बीजाणू आणलेत सुमित्रा कोडापेच्या कडब्याच्या गंजीतून.
साधी जात, कुणाचं काही न बिघडवणारी.
"कचरा काऊन नेता बाई?" म्हणाली होती
आणि एक मूठ जास्तच दिली.

तोंडावर काच. मोजे कोपरापर्यंत. जांभळी नळी लावते.
पहिल्या मिनिटात लाखाचे चार हजार,
तिसऱ्यात दोनशे,
पाचव्या मिनिटाला अकरा.
दहाव्यालाही अकरा.
वहीत शून्य लिहायला पेन टेकवते
आणि तसाच उचलते.

आत पाणी नावापुरतं.
पानाच्या डबीत चुना वाळून बसतो
तसं काहीतरी घट्ट बसलेलं गाभ्यात.
आणि त्या लांब धाग्याला, ज्यावर सगळं लिहिलेलं असतं,
बारकी प्रथिनं बिलगून.
तरी किरण शिरतो, नको तिथे एक गाठ मारून जातो.
झोपेत ती सुटत नाही.
गाठीसकट पडून राहायचं,
श्वास नाही, भूक नाही, वाढदिवस नाही.
जाग आली की आधी गाठ सोडवायची.
खाणं नंतर.

पण अकरा का? दहा मिनिटांनंतरही?

शनिवारी तिलाच विचारलं, सहज,
गंजीच्या सावलीत उकिडवी बसून.
बाहेर सत्तेचाळीस. कोंबड्या चोच उघडून.
तिनं गंजीत खांद्यापर्यंत हात घातला,
तीन उन्हाळ्यांपूर्वीची एक पेंढी ओढून काढली.
अजून हिरवट.
"वरच्या पांढऱ्या पडल्या ना,
म्हून हे रायली."

म्हणजे मेलेले वर होते.
मी त्यांना मोजतच नव्हते.

सर म्हणतात, सोपं आहे,
आधी साखरेचं पाणी दे.
दाणा फुगतो, कवच सैल होतं, त्याला वाटतं पाऊस आला.
मग लाव नळी. एक उरणार नाही.

साखरेचं पाणी तयार आहे फ्लास्कमध्ये,
सोमवारपासून.
आज बुधवार.
तीन वीस झालेत, पंख्याचा आवाज जड व्हायला लागलाय,
मी झाकण हातात घेऊन उभी,
आणि वीज जाते
दहा मिनिटं आधीच.