जादा गाठी

पहाटे पाचला मातीचं भांडं गॅसवर ठेवते.
सहाशे मिली पाणी, निम्मं होईस्तोवर.
पुडीत साइकोचं मूळ, ज्येष्ठमध, सुकलेली लाल बोरं,
जिनसेंगचे पातळ काप, आणि दोन नावं
जी मला अजून नीट म्हणता येत नाहीत.
सातवं आलं, ते घरचं.
आधी वास बोरांचा येतो. मग सगळं कडू होतं.
काचेवर वाफ धरते, हिमीचा समुद्र दिसेनासा होतो.

आतून तेइजी म्हणतो, 'आलं जरा जास्त घाल.'
ओगिहाराबाई दुकानात दशांश ग्रॅमपर्यंत तोलतात.
त्यांना हे सांगितलेलं नाही.

चाळीस वर्षं त्याने जाळी सांधली.
काळजाचा धट्टा, म्हणायचे बंदरावर,
वादळात बोटीवर उभा राहायचा.
तेच काळीज आता कडक होतंय म्हणे.
शाळेत एका सुईने अख्ख्या वर्गाला टोचलं होतं,
रांगेत तो नववा.
साठ वर्षं विषाणू आत राहिला
दारावर नाव नसलेल्या भाडेकरूसारखा.

डॉक्टर हामातानींनी कागदावर चित्र काढलं.
यकृतात चांदणीसारख्या पेशी असतात,
एरवी जीवनसत्त्व साठवून स्वस्थ बसलेल्या.
इजा झाली की उठतात, धागे विणायला घेतात.
इजा थांबली तरी कधीकधी हात थांबत नाहीत.
'तोच वण,' त्या म्हणाल्या.
तेइजी चित्राकडे बघत राहिला.
'नवशिके असंच करतात.
एक गाठ पुरते तिथे पाच मारतात.
जाळं मजबूत दिसतं,
पण पाणी आरपार जात नाही.
ओढताना बोट कलते.'
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मी विचारलं, काढ्याने गाठी सुटतात?
'उंदरांत धागे कमी झालेले दिसलेत.
माणसांत खात्रीने सांगता येत नाही.
यकृताचा दगड झाला असता
तर हा काढा मी दिलाच नसता.
आणि ऐका, कोरडा खोकला आला
तर त्याच दिवशी बंद. मला फोन.
मध्यरात्र असली तरी.'

दर तीन महिन्यांनी यंत्र त्याच्या बरगडीवर टिचकी मारतं,
आतून लाट किती वेगाने पळते ते ऐकतं.
कडक असेल तिथे ती जोरात पळते.
नऊ पूर्णांक आठ. नऊ पूर्णांक दोन. नऊ पूर्णांक पाच.
कॅलेंडरवर लिहिते,
मासळीच्या लिलावाच्या रकान्यात, भावांच्या शेजारी.
तो म्हणतो, हा काढ्याचा गुण.
मी म्हणते, इस्पितळातल्या पांढऱ्या गोळीचा.
त्याची बहीण म्हणते, साके सोडली ना, तिचा.
श्रेय वाटून घेण्यात आमची जेवणं थंड होतात.

डिसेंबरात ढग गडगडले.
इथे म्हणतात, या गडगडाटाने बुरी मासा जागा होतो.
त्या रात्री तेइजी खोकला.
तीनदा. कोरडा.
मी अंधारात चौथ्याची वाट पाहिली,
मग फोन लावला.

छातीचा फोटो स्वच्छ निघाला.
काढा मात्र बंद.

दुसऱ्या दिवशी पाचला मी उठलेच.
भांडं, पाणी, नुसती बोरं आणि आलं.
तो एक घोट घेऊन थांबला.
'आज कडू का नाही?'
मी काही बोलले नाही. त्याने सगळं संपवलं.

दुपारी शेडमधून एक जुनं जाळं आणलं त्याने,
कुणा पोराने सांधलेलं, गाठींनी भरलेलं.
दाभण घेऊन एक एक गाठ सैल करत बसला.
दिवे लागेपर्यंत चार सुटल्या.
'विणायला इतका वेळ लागत नाही,' म्हणाला,
आणि पाचवीला हात घातला.

अकरा पुड्या उरल्यात.
ओगिहाराबाई परत घेत नाहीत, टाकवतही नाहीत मला.
मोज्यांच्या खणात ठेवल्यात.
हल्ली तो मोजे घालून घरात फिरला
की मागोमाग साइकोचा वास फिरतो.