पाव आटा

दात घट्ट दाब, म्हणाला मैनोद्दीन,
आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ माझ्या दातांत दिली.
टोक टेकवलं चालू इंजिनाच्या डाव्या कानशिलाला.

सव्वीस वर्षं जॉबर आहे मी,
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, चोवीस मागांच्या शेडमध्ये.
तिथं कुणी बोलत नाही, ओठ वाचतात.
शिफ्ट सुटली की मी घरी येतो,
कान येत नाहीत.

म्हणून लोक सांगायचे तेव्हा कळायचं,
गाडी वाजायलीय, मामा.
अशोक चौकात, पंपावर, हवा भरताना.
एकदा तर शाळेतली एक पोरगी,
काका, तुमच्या गाडीत कुणी चमचे ठेवलेत का?
मी हसलो. घरी येऊन पाना घेतला
आणि नट पिळला.
परत वाजली म्हणे. परत पिळला.
जॉबरचा हात हा,
ढिलं दिसलं की आवळणारा.

आता दातांतून वर चढलं ते,
जबड्यातून, गालफडाच्या हाडातून:
चर्र खळ, चर्र खळ.
करंगळीएवढी साखळी,
तेलातल्या अंधारात पळणारी,
खाली क्रँक, वर कॅम,
मधल्या मध्ये झिजून झिजून लांबलेली.
किती वर्षांनी एखादी बारीक गोष्ट ऐकू आली मला.
मुठीवर लाळ गळली. पुसायचं सुचलं नाही.

ऐकलास? विचारलं त्यानं, तोंड मोठं करून.
खळखळ गाडीची. चर्र तुझ्या पान्याचं.
पिळायलास कशाला बे?

मग म्हणाला, गार होऊ दे.
एप्रिलात, सोलापुरात, पत्र्याखाली
इंजिन गार होणं म्हणजे दोन कट चहा,
एक पंक्चर, एका म्हाताऱ्याची लुना,
आणि सावली गटारीपलीकडे गेलेली.

गोल झाकण काढलं. सतरा नंबरचा पाना.
उलटा फिरव, हळू, अजून हळू,
टी-ची रेघ खुणेला लागली.
वरचे रॉकर बोटानं हलवून बघितले,
डुलतात. बरोबर.
आता नट सोड.
सोडू?
सोड म्हणतो ना. आणि हात काढ.

आत टक् झालं.
ऐकू नाही आलं, इंजिनावर टेकलेल्या बोटाला कळलं.
आतल्या स्प्रिंगनं आपणहून साखळीला पाठ लावली,
लागेल तेवढीच.
आम्ही दोघांनी काहीच केलं नव्हतं.
मग नट नुसता बसवला, वर पाव आटा,
डबीचं झाकण लावावं तसा.

पोरवयात हातमागावर ताणा लावायला शिकवताना
नरसय्या मुकादम हेच सांगायचा.
सूत ओढू नको. बीमाला दगड टांग,
ते ताणेल आपलं आपण.
पुढं मी यंत्रावर गेलो.
दगड कुठं गेले कुणास ठाऊक.

पैसे किती, विचारलं.
मैनोद्दीननं चहाच्या ग्लासांकडे बोट दाखवलं.

रात्री दाराशी गाडी बंद केली.
राजव्वा सूप मांडीवर घेऊन विड्यांचे कट्टे बांधत होती.
मला उंबऱ्यात बघून दचकली.
ओठ वाचले मी:
आवाजच आला नाही की. तवा कसा ठेवू?

म्हणजे चौकातल्या वळणापासून
ही मला ऐकत होती, रोज,
आणि पहिली भाकरी
त्या चमच्यांच्या आवाजावर थापली जात होती.

उद्यापासून हॉर्न वाजवत येतो, म्हणालो.
म्हणालो म्हणजे ओरडलोच असणार,
शेजारचं खिडकीतून बघायला लागलं.

वाजतो का तो तरी, असं म्हणाली ती,
किंवा असंच काहीतरी,
कारण तोवर ती पिठाच्या डब्याकडे वळली होती
आणि पाठीवरून ओठ वाचता येत नाहीत.