दोनशे अठ्ठेचाळीस

बाटलीवर माझंच अक्षर:
मंगळवार, ओढा, शेवेच्या कारखान्यामागे.
पिवळ्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट
थेंब, थेंब,
विटकरी झाक आली की थांबायचं.
थांबले.

दोनशे अठ्ठेचाळीस.
मर्यादा अडीचशे.
‘पास,’ म्हणाले चतुर्वेदीजी
नि लवंगी शेवेचा पुडा पुढं केला.
इंदूरची मी, नाही कसं म्हणणार?

पाणी उन्हात उडून जातं.
मीठ कुठं जाणार?
मे महिन्यात हाच ओढा
घोट्याइतका उरेल,
आटवलेल्या रश्शासारखा,
आणि त्यात
मुरडून मुरडून फिरणारे ते काळे मासे.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ओढ्यानं तर
माझ्याहून कितीतरी जास्त खाल्लंय.

बोटं रुमालाला पुसली.
रकान्यात लिहिलं, पास.
शेऱ्यात, बारीक अक्षरात:
मेमध्ये पुन्हा.