खांबामागची दोन तिकिटं

पंचेचाळीस पौंडाला एक, वर बुकिंगचे साडेतीन.
जूनमध्येच काढून फ्रिजवर लावली होती मी,
दातांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीशेजारी.
चार महिने दूध काढताना
आधी त्यांच्याकडे बघायचे, मग दुधाकडे.

सेलहून ट्राम. साडीखाली थर्मल,
थर्मलखाली उत्सुकता.
हेरंबने मुलाखतीचा काळा कोट घातलेला,
अजून खांद्यात बसतो म्हणून खूश.

मँचेस्टरच्या त्या जुन्या थिएटरात तिसरा मजला,
आणि आमच्या खुर्च्यांच्या बरोबर पुढे
सोनेरी मुलाम्याचा, ओतीव लोखंडाचा खांब.
तिकिटावर लिहिलं होतं म्हणे, बारीक अक्षरात.
बारीक अक्षरात तर लग्नातही बरंच होतं,
असं मी म्हटलं नाही.

दीपगृहाची गोष्ट. दीपगृहवाल्याची मुलगी,
तिचा खलाशी, तिच्या बापाचा खोकला.
तिघांनाही दर सहा मिनिटांनी गाणं लागायचं
जशी उचकी लागते.
गाण्यांना चाल होती, पण ती चालत नव्हती.
मुलगी समुद्राला हाका मारायची
तेव्हा खांबाच्या डावीकडून मला तिचा एक हात दिसे,
उजवीकडून हेरंबला दुसरा.
दोघांत मिळून आम्ही एक मुलगी पाहत होतो.

मग मी सरळ खाली बघू लागले,
वादकांच्या खड्ड्यात.
झांजा वाजवणारी बाई चाळीस-चाळीस मात्रा मोकळी असायची,
तेवढ्यात विणून घ्यायची.
मोजा होता. टाच वळत होती.
खलाशी जगतो की बुडतो, मला काही नव्हतं.
टाच जमावी, एवढंच वाटत होतं.

मध्यंतर. आइस्क्रीमचा कप,
झाकणात दडवलेला बाहुलीचा चमचा.
"छान आहे," हेरंब म्हणाला.
"छानच," मी म्हणाले.
मागच्या रांगेतली म्हातारी बहिणीला सांगत होती,
"दिवे मात्र सुरेख आहेत हं."

दुसऱ्या अंकात वादळ.
विंगेतून रुळावरून नाव यायची होती, आपोआप.
ती अडली.
खलाशी गात राहिला, मी आलो, मी आलो,
आणि आला नव्हता.
तेवढ्यात काळ्या कपड्यातला एक माणूस,
पन्नाशीचा असेल, कमरेत वाकून धावत आला,
नावेला खांदा लावला,
आणि खलाशासकट, वाऱ्यासकट
तिला ढकलत ढकलत प्रेमापाशी नेऊन सोडलं.

टाळ्या.
त्या रात्रीच्या तेवढ्याच खऱ्या.
झांजवालीनेसुद्धा सुया मांडीवर ठेवल्या.
त्याने वर पाहिलं नाही. पळाला.
शेवटी सगळे हात धरून वाकले,
त्यांत तो नव्हता. मी मोजलं.

परतीच्या ट्राममध्ये दोघंही गप्प.
त्र्याण्णव अधिक सात, शंभर,
त्र्याण्णव-सत्त्याण्णव, धड हिशेबही जमेना.
ओल्ड ट्रॅफर्ड गेलं.
स्ट्रेटफर्डला दार उघडलं, गार हवा आत आली,
आणि हेरंब म्हणाला,
"खांब चांगला होता."
मी इतकी हसले
की समोरच्या पोराने कानातलं काढून पाहिलं.

घरी साडेअकरा.
किल्ली लावता लावता आठवलं, उद्या कचऱ्याची गाडी.
तो तसाच गेला, कोटासकट.
फाटकाच्या उंबऱ्याशी डब्याचं चाक अडलं,
त्याने वाकून खांदा लावला,
आणि रस्त्याच्या दिव्याखालून
आठवडाभराच्या सालींना, पिशव्यांना, उरलेल्या आमटीला
कडेपर्यंत नेऊन सोडलं.

मी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या.
ऑल्डरशॉबाईंच्या न्हाणीघरात दिवा लागला.
"गप गं," म्हणत तो आत पळाला.

कोट काढताना म्हणाला,
"त्या नावेच्या चाकाला तेल नव्हतं.
तिसऱ्या मजल्यावरून कळत होतं."
मी पिना काढत होते.
कोणासाठी विणत असेल ती,
आणि दुसऱ्या पायाचा कधी सुरू करेल.